बाबा यागा कुबड न काढता कशी उभी करायची?

तिसरी_घंटा:
आम्ही पाच जण वासिलिसाच्या रशियन लोककथेवर ४० मिनिटांचा फिजिकल थिएटरचा प्रयोग बसवतोय, संवाद जवळपास नाहीतच, सेट नाही, फक्त शरीरं आणि एक लांब काठी. मुलगी, तिची बाहुली, सावत्र आई हे सगळं जमलंय, पण बाबा यागा, म्हणजे कथेतली जंगलात राहणारी चेटकीण, आली की तालीम कोसळते. जो करतो तो आपोआप कंबरेत वाकतो, बोटं वाकडी करतो, घोगरं हसतो आणि झाली बालनाट्यातली चेटकीण! मला तिची खरी भीती वाटायला हवीय आणि तरी ज्या विस्तवासाठी वासिलिसा तिच्या दारी जाते तो तिच्याकडूनच मिळतो हेही पटायला हवंय. सुरुवात कुठून करू? आणि ती कोंबडीच्या पायांवरची झोपडी, तिचं काय?

विंगेतून:
आधी वाकणं बंद करा. बऱ्याच कथांमध्ये ती पहिल्यांदा दिसते तेव्हा आडवी असते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरलेली, एक पाय हाडाचा आणि नाक पार छताला भिडलेलं. म्हणजे ती आक्रसलेली म्हातारी नाहीच, घरच तिला पुरत नाहीये. रशियन लोककथांचा अभ्यासक व्लादिमिर प्रॉप, त्याने १९४६ च्या पुस्तकात यावरूनच म्हटलंय की ही झोपडी म्हणजे जिवंत आणि मेलेल्यांच्या जगातला उंबरठा, आणि आतली बाई शवपेटीतल्या प्रेतासारखी.
तालमीत एवढंच करून बघा, तिघांनी पाठी, हात, गुडघे वापरून तिच्याभोवती घट्ट घर करायचं, इतकं घट्ट की तिला पाय लांब करता येऊ नयेत, आणि मग तिने सावकाश वाढायचं. भिंती ताणल्या जाताना जो खरा जोर लागतो ना, त्यात भीती आहे, तोंड वेडंवाकडं करायची गरजच पडत नाही. तेच तिघं नंतर झोपडीचे पाय होतील. फक्त कोंबडी नीट बघा, ती डोकं झटकन पुढे टाकते, ते तिथेच स्थिर धरते आणि अंग मागून आणते. ही लय तिघांत एकदम आली की झोपडी चालायला लागते. गुडघे मात्र सांभाळा, खोल बैठकीत दहा मिनिटांच्या वर राहू नका.

नेपथ्यवाली:
+१, आणि अजून एक. यागा बघते कुठे, ती वास घेते! "रशियन माणसाचा वास येतोय" हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि प्रॉप म्हणतो तो वास म्हणजे जिवंत माणसाचा वास. तेव्हा नटीला डोळे मिटून करायला सांगा, आधी नाक वळतं, मग छाती, मग ओटीपोट, पाय सगळ्यात शेवटी. वासिलिसाने श्वास रोखला की तिनेही थांबायचं. आमच्या एका वर्कशॉपमध्ये हे केलं होतं, नाक माझ्या मनगटापासून वीतभर अंतरावर थांबलं आणि माझे हात गार पडले, समोर रोज डबा शेअर करणारी मैत्रीण होती तरी.
आणि एंट्री आवाजाने करा. कथेत आधी झाडं कडाडतात, वाळका पाला चुरचुरतो, मग ती उखळात बसून येते, मुसळाने हाकत आणि झाडूने माग पुसत. तुमची ती लांब काठी म्हणजेच मुसळ. हवेत फिरवू नका, जमिनीत रेटा, प्रत्येक रेट्याला अंगाचं वजन जाऊ दे.

जुना_रियाज:
वरचं सगळं पटलं, पण एक कळकळीने सांगतो, तिला बिचारी करू नका. हल्ली प्रत्येक चेटकिणीला दुखावलेली बाई करायची सवय झालीय. यागा मदत करते तेव्हाही ती खाऊ शकतेच, कुंपण माणसांच्या हाडांचं आहे हे विसरू नका. ती कामं देते, खसखशीतली माती निवडायला लावते, आणि मुलीला आईचा आशीर्वाद आहे कळल्यावर तिला ओढत बाहेर काढते. जळत्या डोळ्यांची कवटी, म्हणजे तोच विस्तव, देते ती त्याच क्षणी! माझ्या मते अख्खा प्रयोग इथे आहे, ढकलणं आणि देणं एकाच हालचालीत, एका हाताने ढकललं आणि दुसऱ्याने दिलं असं दोन तुकड्यांत नको.
बाकी काही कथांत तीन यागा बहिणी असतात, तेव्हा एकाच नटीवर भार टाकायलाच हवा असं नाही.

तिसरी_घंटा:
काल वाढण्याचा एक्सरसाइज केला. पहिल्या दोन वेळा सगळे हसले, तिसऱ्यांदा तिचा पाय एकाच्या बरगडीला टेकला, तिघंही थरथरत होते आणि वासिलिसा करणारी मुलगी न सांगता दोन पावलं मागे गेली. तेच ठेवतोय. शेवटचं ढकलणं-देणं मात्र अजून दोन हालचालीच दिसतंय, कवटी आधीपासून हातात असली की कळून येतं. कवटी तिघांच्या भिंतीतूनच बाहेर आली तर? शनिवारी करून बघतो आणि इथेच लिहितो.