१२० मिमी ग्रेनेडियर: चेहरा बाहुलीसारखा दिसतोय आणि पांढरा रंग खडूसारखा, काय करू?

मंडळी सल्ला हवाय. आजवर २८ मिमीच्याच फिगर्स (सैनिकांच्या छोट्या मूर्ती) रंगवल्या, आता पहिल्यांदाच १/१६ ची, म्हणजे १२० मिमीची रेझिन फिगर घेतलीये, नेपोलियनच्या ओल्ड गार्डचा (त्याच्या खास निवडक पलटणीचा) ग्रेनेडियर सैनिक, निळा कोट, पांढरे लॅपल (कोटाच्या छातीवरच्या पट्ट्या), पांढरी ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची विजार), लाल इपॉलेट (खांद्यावरचे झुबके) आणि अस्वलाच्या केसांची उंच टोपी. साबणाने धुतली, प्रायमर मारला, इथपर्यंत छान. चेहऱ्यावर नेहमीसारखं बेस (खालचा थर), ब्राऊन वॉश (खळग्यात उतरणारा पातळ रंग), मग नाक-गालावर हायलाइट असं केलं तर वॉश गालावर डाग पडून वाळला आणि डोळे टक्क उघडे, बाहुलीचे असतात तसे. पांढऱ्याचंही तेच, सरळ पांढरा मारून सावलीत ग्रे घातला, आता खडू फासल्यासारखं दिसतंय आणि पट्टे, लॅपल, ब्रीचेस सगळं एकच झालंय. पुन्हा करायची तयारी आहे, घाई अजिबात नाही.

ऑइलवाला
वॉश सोडून द्या. छोट्या फिगरवर तो खळग्यात जाऊन बसतो म्हणून चालतो, इथे गालच एवढा मोठा आहे की त्याला जायला खळगाच नाही, मग तो मध्येच वाळतो. बेस अ‍ॅक्रिलिकचा ठेवा आणि वरून ऑइल कलर. बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाइट आणि थोडा लाल एवढ्यात चेहरा होतो. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून काही तास ठेवा, तेल पुठ्ठा शोषून घेतो, रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. मग ठिपके ठेवायचे, डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या बाजूला गडद, गालाच्या हाडावर फिकट, आणि कोरड्या स्वच्छ ब्रशने हळूहळू थोपटत मिसळायचं, पुसायचं नाही, थोपटायचं. वाळायला काही दिवस लागतात तेवढे दिवस बरणीखाली झाकून ठेवा, नाहीतर धूळ बसते.

डोळ्यात शुद्ध पांढरा कधीच नको, त्यात थोडा स्किन टोन मिसळा. तुमचे डोळे टक्क दिसतायत कारण बुबुळ पूर्ण गोल दिसत असणार. वरच्या पापणीने बुबुळाचा वरचा भाग झाकलाच पाहिजे. पापणीची वरची रेघ गडद ब्राऊन, खालची अगदी पुसट, काळा कुठेच नाही. आणि गार्डचे ग्रेनेडियर मिशा ठेवायचे पण दाढी करायचे, म्हणून हनुवटी-जबड्यावर निळसर ग्रेचा पातळ थर द्या, त्या एका गोष्टीने बाहुलीचा माणूस होतो.

शिवण
ऑइल चांगलंच आहे पण पहिल्याच मोठ्या फिगरला मी अ‍ॅक्रिलिकचे ग्लेझच सुचवीन, पाण्यासारखे पातळ आठ-दहा थर, चूक झाली तर वरून लगेच दुरुस्त होते. ज्याचा हात ज्याला बसला तो बरा.

पांढऱ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. पांढरा हा शेवटचा हायलाइट आहे, बेस नाही. बेस आयव्हरी किंवा त्याहून थोडा मळकट घ्या आणि शुद्ध पांढरा फक्त गुडघ्यावर, लॅपलच्या कडेला, घडीच्या माथ्यावर, बस. तीन वस्तू वेगळ्या दिसायला तिघांची सावली वेगळी करा: लॅपल लोकरीचे म्हणून उबदार, पिवळसर ब्राऊनकडे, ब्रीचेस थंड ग्रेकडे, आणि पट्टे चामड्याचे, त्यावर पांढरी माती चोपडलेली असायची, म्हणून जिथे वाकतात तिथे बारीक भेगा आणि कडेला खालचा चामड्याचा रंग थोडासा. पांढऱ्याला निळा जिथे भिडतो तिथे काळसर निळी बारीक रेघ ओढा. निळ्याच्या हायलाइटला पांढरा घालू नका, खेळण्यासारखा होतो, थोडा ग्रे किंवा स्किन टोन घाला. वार्निश सगळ्याला मॅट (बिनचमकीचं), पट्ट्यांना सॅटिन (किंचित चमकीचं), आणि डोळ्यात ग्लॉसचा (चकचकीत वार्निशचा) थेंब सर्वात शेवटी, मॅट मारून झाल्यावर.

जुना_गार्ड
एक विचारतो, पायाखालचा बेस, म्हणजे जमीन, कसली करणार आहात? तुमची फिगर पूर्ण परेडची वाटतेय. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत गार्ड ग्रेटकोट (लांब ओव्हरकोट) आणि निळ्या ट्राउझर्समध्ये होते, त्यामुळे पांढऱ्या ब्रीचेसच्या माणसाला चिखलात उभं केलंत तर दोन्हीवरचा विश्वास उडतो. परेड असेल तर फरशी ठेवा, बूट फक्त तळाशी धुळकट.

मूळ प्रश्नकर्ता
खूप खूप आभार, चिखलच करणार होतो, आता दगडी फरशी. चेहरा पुठ्ठ्यावर ऑइल काढून काल सुरू केलाय, पापणीची गोष्ट लगेच कळली, बुबुळ अर्धं झाकल्यावर तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघतोय असं वाटलं. टोपीच्या केसांचं काय? पूर्ण काळी केलीये.

शिवण
काळ्यात थोडा ब्राऊन मिसळून बेस द्या आणि मग बारीक ब्रशने निळसर ग्रेच्या केसांच्या रेघा, केसांच्या दिशेने आणि फक्त जिथे उजेड पडतो तिथे. सगळीकडे ड्रायब्रश केलंत (जवळजवळ कोरडा ब्रश घासलात) तर टोपी राखेत बुडवल्यासारखी दिसेल. चेहरा वाळला की फोटो टाका.