यान हुसच्या नावाने एक रविवार पाळावा का?

नगरकर: ऑक्टोबरअखेरच्या रविवारी आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरवर उपदेश होतो. त्याच्या शंभर वर्षं आधी जाळलेला चेक धर्मगुरू यान हुस मात्र तरुण संघात कुणालाच माहीत नाही. प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये तो लोकांच्या चेक भाषेत उपदेश करायचा, पापक्षमेची पत्रं विकण्याला उघड विरोध करायचा. राजा सिगिस्मुंडने सुरक्षिततेची हमी दिली म्हणून कॉन्स्टन्स शहरात भरलेल्या चर्चच्या परिषदेला गेला आणि तिथेच कैद झाला. बायबलमधून चूक दाखवा, मी शब्द मागे घेतो, एवढंच त्याचं मागणं. ६ जुलै १४१५ ला त्याला जाळून राख ऱ्हाईन नदीत टाकली. कॉलेजात, नोकरीत विश्वास झाकून वावरणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायलाच हवं. जुलैतला पहिला रविवार त्याच्या नावाने पाळावा.

लिम्मतकाठ: माझा विरोध. हुतात्म्यांच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी जळणाऱ्याच्या बाजूला उभे असतो, जाळणारे कायम दुसरेच. मग फेलिक्स मान्झला कुणी मारलं? धर्मसुधारणा स्वीकारलेल्या, सुधारक झ्विंग्लीच्या झुरिचने, म्हणजे आपल्याच बाजूने. बाप्तिस्मा समजत्या वयातच घ्यावा, या मतावर तो अडून राहिला. ५ जानेवारी १५२७ ला हात बांधून त्याला लिम्मत नदीत बुडवलं. १५५३ मध्ये जिनीव्हात वेगळी धर्ममतं मांडणाऱ्या सर्वेटसला जाळलं, त्या देहदंडाला तिथल्या धर्मसुधारक कॅल्विनचा पाठिंबा होता. हे सांगायची तयारी आहे?

वसईकर: मी कॅथलिक. आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर गेले. इथल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, त्यांच्या आठवणीने आम्हाला बळ मिळतं. हुसचीही आठवण जरूर ठेवा. पण १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला, तेही त्याच उपदेशात सांगा. नाहीतर मुलांच्या हाती फक्त आमच्यावरचा राग लागेल.

नगरकर: वसईकर, मान्य, सांगू. लिम्मतकाठ, मान्झबद्दलही सांगेन, आणि झुरिचच्या रिफॉर्म्ड चर्चने २००४ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली हेही. पण आपल्या माणसांनी पाप केलं म्हणून हुसचं धैर्य खोटं ठरत नाही. मान्झच्याच पंथातला डर्क विलेम्स घ्या. नेदरलँड्समध्ये कैदेतून निसटून तो गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. पाठलाग करणारा बर्फ फुटून आत पडला, तेव्हा हा मागे फिरला आणि त्याला बाहेर काढलं. मग स्वतः पकडला गेला. १५६९ मध्ये त्याला जाळलं. हे ऐकून मुलं प्रार्थनेला बसणार नाहीत का?

लिम्मतकाठ: विलेम्सचा रविवार पाळा, मी पहिल्या बाकावर असेन. त्याच्या आठवणीत शत्रूचा जीव वाचतो. हुसच्या नावाने मात्र पुढे १४१९ पासून पंधरा वर्षं युद्ध चाललं. त्याच्या मरणाने पेटलेला सूडही उपदेशात येणार नसेल, तर माझा विरोध कायम आहे.