'सिट-इन'ला मराठीत काय म्हणावं? धरणे की ठिय्या?

पाटीपेन्सिल: शाळेच्या हस्तलिखितासाठी अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावच्या सिट-इनवर पानभर मजकूर लिहितेय. १ फेब्रुवारी १९६०, वूलवर्थच्या दुकानात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर बसले. कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. मी 'धरणे धरले' लिहिलं. संपादकबाई म्हणतात 'ठिय्या' करा. मला हे दोन वेगळे वाटतात. कुणी उलगडून सांगेल का?

जुनीवही: धरणं मुळात धनकोचं. ऋणकोच्या दारात उपाशी बसायचं, त्याच्याही घशाखाली घास उतरू द्यायचा नाही. पगार थकलेले शिपाईही सरदाराच्या दारात असेच बसत. बाकी मिळाली की उठले. ग्रीन्सबरोत कुणाचं काय येणं होतं?

शेवंती: येणं नव्हतं कसं? मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली वॉशिंग्टनच्या भाषणात न वटलेल्या धनादेशाचीच तर गोष्ट सांगितली. अमेरिकेनं काळ्यांना दिलेला, खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलेला.

रोखठोक: धनादेश कोण म्हणतं हो? चेक म्हणा. तसंच सिट-इनही राहू द्या की.

जुनीवही: मग 'मराठीत काय म्हणावं' हा प्रश्नच कशाला?

तळ्याकाठी: ठिय्याही नको. तहसीलसमोर ठिय्या देतात तेव्हा मागणी वेगळी असते, बसणं नुसतं साधन. इथे त्या स्टुलावर बसणं हीच मागणी होती. बाकी दुकानात त्यांचे पैसे चालत, टूथपेस्ट विकत मिळे, बसायला तेवढी बंदी! जवळचं उदाहरण महाडचं, २० मार्च १९२७. तिथे पाणी मागत बसले नाहीत, प्यायले.

शेवंती: पण महाडला पाणी ओंजळीत आलं, इथे कॉफी नाही आली. ते काउंटर खुलं व्हायला जुलै उजाडला. त्यापेक्षा काळाराम जवळचा. दार बंद, आणि बाहेर माणसं.

संत्रानगरी: नागपूरला विसरू नका राजेहो. जेम्स लॉसन हे काळे अमेरिकन मिशनरी म्हणून इथल्या हिस्लॉप कॉलेजात होते. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत काळ्यांनी बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी इथेच पेपरात वाचली. १९५६ ला परत गेले आणि नॅशव्हिल शहरातल्या पोरांच्या सिट-इनसाठी तालमी घेतल्या. काहींनी गोरे गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ओढायचं. बाकीच्यांनी हात उचलायचा नाही. सरळ 'बैठा सत्याग्रह' लिहा.

तळ्याकाठी: आणि सगळं श्रेय एकाच खात्यात जमा! तालीम लॉसन यांची, पण मार पोरांनी खाल्ला.

जुनीवही: बैठा संप होता, बैठा सत्याग्रह चालेल. ठाण, ठाव, ठिय्या हे सगळे माझ्या मते 'स्था'चेच वंशज. तेव्हा 'ठाणसत्याग्रह'?

रोखठोक: ऐकून ठाण्याचा वाटतो.

पाटीपेन्सिल: अहो, मजकूर उद्या द्यायचाय.

रोखठोक: म्हणून तर म्हणतो, आहे तो शब्द ठेवा. १९७२ ला 'दलित पँथर' निघाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा कुणी 'दलित चित्ता' केलं का?

संत्रानगरी: पँथर म्हणजे चित्ता नव्हे, बिबट.

जुनीवही: बिबळ्या. चित्ता अंगानं सडपातळ, ठिपकेही भरीव.

शेवंती: आमच्याकडे कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात.

संत्रानगरी: मग वाघाला काय म्हणता?

शेवंती: पट्टेरी वाघ.

जुनीवही: ढाण्या मग कुठला?