मदत हवी आहे: खाडीच्या गाळातलं मायक्रोप्लास्टिक, फिल्टर केशरी होतोय

खाडीकाठ
ऐरोलीच्या बाजूचा ठाणे खाडीतला गाळ आहे. फेरस सल्फेट आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सेंद्रिय भाग संपवला, प्लास्टिक वर तरंगावं म्हणून मीठ घालून रात्रभर ठेवलं, वरचं पाणी गाळलं. प्रत्येक फिल्टर केशरी, वर चिखलाचा थर. सूक्ष्मदर्शकाखाली काहीही ओळखू येत नाही. पेरॉक्साइड दुप्पट केलं तर रंग आणखी गडद झाला. अजून १८ सॅम्पलं बाकी आहेत आणि शुक्रवारी आकडे द्यायचेत. प्लास्टिक वाईट का, हे कृपया सांगू नका. उपाय सांगा.

चाळणी_६३
गाळ किती घेतला? ओला की कोरडा? चाळला का, कितीच्या चाळणीतून? फिल्टर कसला? मीठ कोणतं? कोणत्या आकारापर्यंत मोजायचंय? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निळाई
नाइल रेड हा चमकणारा रंग वापरा, सगळं सोपं होतं. ॲसिटोनमध्ये द्रावण करा, फिल्टरवर १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि पडेल इतपत. अर्धा तास अंधारात ठेवा, मग निळा प्रकाश टाकून नारिंगी फिल्टरमधून बघा. प्लास्टिक चमकतं, मोबाइलवरही फोटो येतो.

रसायनी
@निळाई, आत्ता नको. नाइल रेड चरबीवर बसतो, खेकड्याच्या कवचावरही बसतो. सेंद्रिय भाग नीट गेल्याशिवाय रंग दिला तर अर्धी खाडी चमकेल आणि आकडा फुगेल.
@खाडीकाठ, केशरी रंग लोहाचा आहे. फेरसचं द्रावण कसं केलंत? ५०० मिलि पाण्यात ७.५ ग्रॅम फेरस सल्फेट (सात पाणीवालं) आणि ३ मिलि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, हे प्रमाण. ॲसिड घातलं होतं का?

खाडीकाठ
५० ग्रॅम ओला गाळ थेट बीकरमध्ये. चाळला नाही. फिल्टर ग्लास फायबर, ०.७ मायक्रॉन. साधं मीठ, संपृक्त द्रावण. ॲसिड नाही घातलं, संपलं होतं. ते द्रावण टिकावं म्हणून घालतात असं वाटलं.

रसायनी
तिथेच घोटाळा आहे. ही क्रिया पीएच ३ च्या आसपास चालते. ४ च्या वर गेलात की लोह गंजासारखं खाली बसतं आणि सगळ्यावर लेप चढवतं. त्यात तुमचा गाळ काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा असणार. म्हणजे लोहाचे सल्फाइड. पेरॉक्साइड आधी त्यांच्यावरच खर्च होतं, उष्णता निघते, आणखी लोह सुटतं. शिंपल्यांचा चुरा ॲसिड खातो ते वेगळंच. म्हणून पेरॉक्साइड वाढवलंत तसा गंज वाढला.

यापुढे पेरॉक्साइड ५-५ मिलि करून घाला, बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवा, दर वेळी पीएच पट्टी लावा. फेस बीकरबाहेर आला तर सॅम्पल गेलं. बऱ्याच पद्धतींत ७५ अंश लिहिलेलं असतं, पण स्क्रबमधले मेणासारखे मणी ७० च्या पुढे मऊ पडून हरवतात. ५० च्या वर जाऊ देऊ नका.

झालेले फिल्टर फेकू नका. ५ टक्के सायट्रिक ॲसिडमध्ये ४० अंशांवर रात्रभर ठेवा. गंज विरघळेल. चिखल मात्र राहील.

चाळणी_६३
चिखल राहणारच, कारण न चाळलेली चिकणमाती ०.७ च्या फिल्टरवर ओतली आहे. क्रमच बदला. आधी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, लिटरला ५.५ ग्रॅम, त्यात गाळ तासभर हलवा म्हणजे गोळे सुटतील. मग ५ मिमी, १ मिमी आणि ६३ मायक्रॉनच्या स्टीलच्या चाळण्यांवर पाण्याने धुवा. चिकणमाती खालून निघून जाते. चाळणीवर उरेल त्याला मीठ, आणि वर तरंगेल तेवढ्यालाच पेरॉक्साइड. ५० ग्रॅमऐवजी चिमूटभर माल शिजवायचा. फॉस्फेट पूर्ण धुऊन काढा. पुढे झिंक क्लोराइड वापरलंत तर पांढरा साका पडेल.

समुद्रशिंपी
क्रमाबद्दल असहमत. तिवरांची बारीक मुळं आणि शेवाळाचा चिकटा प्लास्टिक धरून ठेवतात. मीठ आधी घातलं तर तो गुंता प्लास्टिकसकट तळाशी जातो. आधी पेरॉक्साइड, मग मीठ.

चाळणी_६३
वाळूसाठी मान्य. सल्फाइडवाल्या काळ्या गाळात आधी पेरॉक्साइड म्हणजे काय होतं ते वर दिसतंच आहे. गुंत्याची शंका असेल तर चाळणीवरच्या मालाला थोडं थंड पेरॉक्साइड द्या, मग मीठ. नुसता वाद नको, रंगीत पॉलिइथिलीनचे मोजलेले मणी गाळात घाला, दोन्ही क्रमांनी किती परत येतात ते बघा.

समुद्रशिंपी
ही चाचणी मान्य. पण मणी गुळगुळीत असतात, त्यांवर तंतूंचा अंदाज बांधू नका. पॉलिएस्टरचा धागा कापून तोही घाला.

दोना_पावला
पाण्यासाठी ३३३ मायक्रॉनची मांटा जाळी (बोटीमागे पृष्ठभागावरून ओढायची) वापरा, तोंडाशी फ्लोमीटर हवाच, नाहीतर किती घनमीटर पाणी गाळलं ते कळत नाही. बोट वळवताना जाळी वर घ्या.

खाडीकाठ
@दोना_पावला, पाण्याचं सॅम्पल नाहीये. 😐
साधं मीठ चालेल का ते कोणीच सांगितलं नाही. आणि कोरडं वजन कसं काढू, गाळ तर ओला आहे.

रसायनी
संपृक्त मिठाची घनता १.२. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन तरंगतं. पेट (बाटल्यांचं प्लास्टिक) १.३७ च्या पुढे, पाइपचं पीव्हीसीही जड, दोन्ही गाळातच राहतात. त्यासाठी १.५ घनतेचं झिंक क्लोराइड लागतं, वजनाने साधारण ४६ टक्के. १०० मिलिचं वजन १५० ग्रॅम भरतंय का बघा. विरघळताना खूप तापतं, हातमोजे घाला. गढूळ दिसलं तर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब. गाळून परत वापरा.

समुद्रशिंपी
आणि सिंकमध्ये एक थेंबही नको. झिंक जलचरांना विषारी आहे. खाडीचं प्रदूषण मोजायचं आणि झिंक त्याच खाडीत सोडायचं, हे चालणार नाही. त्याऐवजी सोडियम आयोडाइड महाग, पण बरं.

रसायनी
आयोडाइड हवेत पिवळं पडतं आणि सेल्युलोजचा फिल्टर काळा करतं. आयोडीनचा रंग घालवायला थायोसल्फेट जवळ ठेवा. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त म्हणून कोणी सुचवेल, ते घेऊ नका: सेंद्रिय गाळाचे गोळे बांधतं.

चाळणी_६३
कोरडं वजन: त्याच डब्यातला १० ग्रॅम गाळ वेगळा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, त्यावरून हिशोब करा. मोजायचा गाळ वाळवू नका, विटेसारखा होतो. ब्लँक, म्हणजे गाळ न घालता तीच सगळी कृती, किती केलेत?

खाडीकाठ
एक. त्यात ११ तंतू निघाले.

चाळणी_६३
मग तुमच्या सॅम्पलमधल्या तंतूंवर सध्या विश्वास ठेवता येत नाही. मीठसुद्धा प्लास्टिक घेऊन येतं, म्हणून द्रावण आधी १.२ मायक्रॉनच्या ग्लास फायबरमधून गाळा. भडक रंगाचा सुती कोट घाला, म्हणजे तुमचाच धागा ओळखू येतो. टेबलावर ओला फिल्टर उघडा ठेवा, हवेतलं किती पडतं ते कळेल. किमान ३ ब्लँक, सॅम्पलांच्याच दिवशी. सरासरी अधिक ३ प्रमाण विचलनं, त्याखालचा आकडा धरू नका. तंतू आणि तुकडे वेगळे मोजा.

निळाई
आणि रंग दिल्यावरही ओळख पटवायला एफटीआयआर (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र) हवाच. ग्लास फायबरवर ठेवून पारगमन पद्धतीने (किरण आरपार पाठवून) होत नाही, मोठे कण चिमट्याने उचलून त्याच यंत्राच्या एटीआर स्फटिकावर ठेवा.

रसायनी
सहमत. आलेखात २९१५ आणि २८४८ (प्रति सेंमी) ही शिखरं दिसली की लगेच पॉलिइथिलीन लिहू नका, चरबी आणि स्टिअरेटही तिथेच दिसतात.

खाडीकाठ
एक सॅम्पल नव्या क्रमाने केलं. ॲसिड मिळालं, पीएच ३ राहिला, फिल्टर पांढरट, कण स्पष्ट दिसतात. चाचणीसाठी लाल मणी आणि पीव्हीसी पाइपचा चुरा घातला होता. मणी बहुतेक सगळे वर आले. चुऱ्याचा एकही कण वर आला नाही. शुक्रवारपर्यंत झिंक क्लोराइड मिळणार नाही.

चाळणी_६३
मग शुक्रवारच्या कागदावर 'एकूण मायक्रोप्लास्टिक' लिहू नका. '६३ मायक्रॉन ते ५ मिमी, घनता १.२ पेक्षा कमी, प्रति किलो कोरडा गाळ' असं लिहा. मीठ दिल्यावर तळाशी बसलेला माल काचेच्या बरणीत झाकून फ्रीजमध्ये ठेवा, वर सॅम्पलचा नंबर. झिंक क्लोराइड आलं की मीठ धुऊन तोच माल त्यात घाला.