साल्ता-काची-काफायाते लूपला छोटी गाडी चालेल का?

सह्यभटक्या:
सप्टेंबरात मी, बायको आणि आई उत्तर अर्जेंटिनात जातोय. साल्त्याहून काची, तिथून रूट ४० ने काफायाते आणि रूट ६८ ने परत, हातात चार दिवस. काचीच्या पुढे बराच रस्ता कच्चा आहे म्हणे, मग साधी हॅचबॅक चालेल का? आई सत्तरीची, आणि आम्ही शाकाहारी.

खडीसम्राट:
चालते हो, आम्ही नेली होती. काची ते काफायाते फक्त १६० किमीच तर आहे म्हणून तीन तास धरू नका, अख्खा दिवस द्या, खडीवर आडव्या वळ्या असतात आणि गाडी इतकी थडथडते की ताशी ४० च्या वर जायची इच्छाच होत नाही. आमचा टायर आंगास्ताको गावाच्या अलीकडे बसला, तोही दुपारी दोनला, आणि तिकडे दुपारी सगळं गाव झोपतं, पुण्याच्या दुकानदारांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा जाऊन यावं 😀 गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून स्टेपनी बघा. पण त्याच टप्प्यात केब्रादा दे लास फ्लेचास ही घळ लागते, तिरके करडे सुळके, पापड उभे करून ठेवल्यासारखे, तिथे मी पंक्चर विसरलो.

निवडुंग:
मी असते तर काची सोडून उत्तरेला हुमाहुआकाच्या दरीकडे गेले असते. पुर्मामार्काचा सात रंगांचा डोंगर सकाळच्या उन्हात बघायचा, ओर्नोकालचे रंगीत डोंगर दुपारनंतर. पण ओर्नोकाल ४३०० मीटरच्या वर आहे, आईंना झेपेल का बघा.

मनीमाऊ:
चार दिवसांत दोन्हीकडे धावू नका! रूट ६८ पूर्ण डांबरी आहे आणि लाल कडे तर रस्त्यालगतच, आईंना फार चालावं लागत नाही. तिथल्या आम्फितेआत्रोत, म्हणजे कड्यांमधल्या गोल खोबणीत, आवाज मस्त घुमतो, माझ्या सासूबाईंनी अभंग म्हटला तर बासरी वाजवणारा थांबून ऐकत बसला. खायला हुमिता, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेला मका आणि चीज.

सह्यभटक्या:
ठरलं, लूपच. चीजचे एम्पानादा (तिकडच्या करंज्या) तरी बिनधास्त खाता येतील ना?

खडीसम्राट:
नाही! सारण चीजचं असलं तरी पारीत बहुतेक वेळा गाईची चरबी असते. 'ग्रासा' आहे का असं विचारा, हुमितालासुद्धा.