इंजिन गेलं, हप्ते ४६ बाकी, काय करू? (सल्ला हवाय)

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चूक झाली तर सांभाळून घ्या. १४ महिन्यांपूर्वी जुनी डिझेल गाडी घेतली, टर्बोवाली, तेव्हा ९६ हजार किमी झालेली. कर्ज ५ वर्षांचं, १२ टक्के. मागच्या आठवड्यात चढावर ऑइलचा दिवा लागला. तो आधीही कधीकधी सिग्नलला उभं असताना लुकलुकायचा आणि गाडी निघाली की जायचा, म्हणून मला वाटलं सेन्सर असेल. मग टकटक सुरू झाली, मी म्हटलं घरापर्यंत जाईल, आठ-दहा मिनिटांत त्याचे दणकून ठोके व्हायला लागले तेव्हा बंद केली. टो करून गॅरेजला नेली. त्याने बॉनेट उघडून दहा मिनिटांत सांगितलं की इंजिन गेलं, दुसरं टाका, आणि आकडा सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर आहे. विकणाऱ्या डीलरची वॉरंटी ६ महिन्यांची होती, संपली.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. इंजिन टाकायचं, नाहीतर आहे तशी विकायची, नाहीतर कर्जवाल्यांना सांगायचं घेऊन जा बाबा तुमची गाडी. दिवा दिसल्यावर थांबायला हवं होतं हे मला आता कळलंय, त्यावर कृपया लेक्चर नको.

आगाऊ_कार्टं
म्हणून जुनी गाडी कर्जावर घेऊ नये.

चौथा_गिअर
^ झालं समाधान? ताई, दुर्लक्ष करा. मुद्द्याचं कोणीतरी बोलेलच.

तेलकट_हात
ताई, सगळ्यात आधी गॅरेजला फोन करा आणि सांगा की मी सांगेपर्यंत काही खोलू नको आणि स्टार्टर मारून बघू नको. 'बघू तरी आवाज कसा येतो' म्हणून लोक परत चालू करतात आणि वाचणारा क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) घालवतात.

दुसरं, दहा मिनिटांत इंजिन गेलं असं सांगणारा माणूस खोटारडा असेलच असं नाही. खालून ठोका आला की अनुभवाने कळतं. पण काय गेलं आणि किती गेलं हे बॉनेट उघडून कळत नाही. वरची टिकटिक (टॅपेट, रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) क्रँकच्या निम्म्या वेगाने येते, हलकी असते. तुमचं वर्णन खालच्या ठोक्याचं आहे, ऑइल प्रेशर पडलं, बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं) सुकलं, आता रॉड क्रँकवर आपटतोय. तसं असेल तर तपासायचा क्रम असा ठेवा. इंजिन हाताने पाना लावून फिरतंय का बघायचं, फिरलं तर जाम नाही, ही चांगली बातमी. मग डिपस्टिकवर ऑइल किती होतं ते लिहून ठेवायचं, फोटो काढायचा. ऑइल स्वच्छ भांड्यात फडक्यातून गाळून काढायचं, ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडायचा. त्यात चमकी असेल तर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर लोखंड, म्हणजे क्रँक, कॅम, रिंगा, ऑइल पंप यातलं काहीतरी. न चिकटणारी तांबूस-पिवळी चमकी म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं निघालंय. मग ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) खाली घ्यायचं आणि बेअरिंगच्या कॅप एकेक करून उघडायच्या. याला काही तासांची मजुरी लागते, पूर्ण इंजिन उतरवायची गरज नाही. हे न करता 'दुसरं इंजिन' हा निर्णय घ्यायचाच नाही.

आणि चेंबर निघालं की स्ट्रेनर बघा. ऑइल पंपाच्या तोंडाला जाळी असते, तिथे काळी मळी साठली की पंपाला तेलच मिळत नाही. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो, तो झिजून त्याचे कण याच जाळीत अडकतात. उभं असताना दिवा लुकलुकायचा म्हणताय ना, कमी आरपीएमला प्रेशर सगळ्यात कमी असतं, म्हणून तिथेच आधी दिसतं. सेन्सर बिचारा खरं बोलत होता.

कोरी_पाटी
दादा, फोन केला आत्ताच. म्हणाला खोललेलं नाही. 'सेन्सर बिचारा' वाचून पोटात गोळा आला.

उलटा_नकाशा
मी तुमच्या जागी असतो तर तिसरा पर्याय. हप्ता बंद करायचा, गाडी त्यांच्या दारात लावायची, चावी द्यायची. मेलेल्या गाडीचे ४६ हप्ते कोण भरत बसणार?

हिशेबी_मांजर
उलटा_नकाशा, हा सल्ला ऐकायला मस्त आणि अमलात आणायला सगळ्यात महाग. गाडी देऊन टाकली तरी कर्ज तिथेच राहतं. ते गाडी लिलावात विकतात, बंद पडलेल्या गाडीला लिलावात काय भाव येणार, मग आलेले पैसे वजा करून, वर ओढून नेण्याचा-ठेवण्याचा-विकण्याचा खर्च लावून उरलेली रक्कम तुमच्याकडूनच मागतात. गाडी गेली, कर्ज राहिलं, क्रेडिट रेकॉर्डला डाग लागला तो वेगळाच. काही ठिकाणी चावी देऊन सुटण्याचे कायदेशीर मार्ग असतात, पण ते करारात आणि तिथल्या कायद्यात वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

ताई, आता आकडे. कर्ज १०० धरलं तर १२ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता येतो २.२२. १४ हप्त्यांत तुम्ही साधारण ३१ भरलेत आणि मुद्दल फिटलीये फक्त १८. म्हणजे अजून ८२ बाकी. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्यापेक्षा जास्त असतो म्हणून. गाडीची किंमत त्याहून जोरात पडते, त्यात इंजिन बंद, त्यामुळे देणं किमतीपेक्षा जास्त आहे हे धरूनच चाला. रडायचं असेल तर इथे एकदा रडून घ्या, कारण पुढच्या हिशेबात हा आकडा घ्यायचाच नाहीये.

का ते सांगते. दुरुस्ती करा किंवा आहे तशी विका, ८२ दोन्हीकडे द्यायचेच आहेत. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आकडा खोडून टाकायचा. उरतात तीन आकडे: चालू स्थितीत ही गाडी कितीला जाईल, बंद स्थितीत कितीला जाईल, आणि दुरुस्तीला किती. दुरुस्तीचा खर्च त्या दोन किमतींमधल्या फरकापेक्षा कमी असेल तर दुरुस्त करा, मग विकायची असली तरी. जास्त असेल तर विचारा की मला ही अजून तीन-चार वर्षं वापरायची आहे का आणि बाकीची गाडी (गिअरबॉक्स, गंज, सस्पेन्शन) तेवढी टिकेल का. 'एवढे हप्ते भरलेत, आता कशी सोडू' हा हिशेब नाही, ती माया आहे.

चौथा_गिअर
वरच्या प्रतिसादाला दंडवत. भर घालतो, बंद गाडी विकायची ठरवली तरी गाडीवर बोजा आहे तोवर नावावर करून देता येणार नाही. घेणाऱ्याचे पैसे थेट कर्ज खात्यात जायला हवेत, खालची तूट तुम्ही त्याच दिवशी भरायची, मग ना हरकत पत्र. म्हणजे विकायलासुद्धा हातात रोख लागते. हे लोकांच्या लक्षात येत नाही.

रिकामी_टाकी
इन्शुरन्समधून नाही का मिळणार?

हिशेबी_मांजर
साध्या अपघात विम्यात नाही, झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. कर्ज घेताना 'गॅप' विमा माथी मारलेला असतो कधीकधी, पण तो गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर किंमत आणि कर्ज यातला फरक भरायला. इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र वेगळी यांत्रिक वॉरंटी किंवा सर्व्हिस करार कर्जात मिळवलेला आहे का ते कर्जाचे कागद काढून ओळ न् ओळ बघा, डीलर फायलीत घालतात आणि घेणाऱ्याला आठवतही नाही. असेल तर त्यांची परवानगी येण्याआधी इंजिन खोलू नका, 'आम्ही बघायच्या आत खोललं' म्हणून दावा नाकारतात. सर्व्हिसची बिलं गोळा करा, ऑइल वेळेवर बदललं याचा पुरावा मागतीलच. आणि असूनही त्यात हा बिघाड बसत नसेल तर निदान ते कंत्राट रद्द करून उरलेल्या काळाचे पैसे मिळतात का विचारा.

तेलकट_हात
चॅसिस नंबर टाकून कंपनीचा रिकॉल आहे का तेही बघा, फुकट आहे. लोकांना वाटतं रिकॉल म्हणजे एअरबॅग. ह्युंदाईने २०१५ मध्ये अमेरिकेत सोनाटा परत मागवल्या होत्या त्या याच बेअरिंगच्या भानगडीसाठी, क्रँक मशीनिंग करताना राहिलेला धातूचा चुरा तेलाच्या वाटा अडवत होता. पुढे तिथे त्या इंजिनांची वॉरंटीही वाढवली. जुन्या गाडीच्या तिसऱ्या मालकालासुद्धा रिकॉलचं काम फुकट मिळतं, पण आपण विचारलं तर.

कोरी_पाटी
बघितलं. रिकॉल नाही. फाईलमध्ये वेगळी वॉरंटी नाही. गॅप मात्र आहे, हसू की रडू. डीलरला मेल केला, उत्तर आलं की कालावधी संपला आहे. मैत्रीण म्हणते हप्त्याला तीन महिने सुट्टी मागून घे, तेवढ्यात दुरुस्तीचे पैसे जमतील.

हिशेबी_मांजर
मागता येते, आणि हप्ता चुकायच्या आधी मागितलेली कधीही बरी, चुकल्यावर तुम्ही त्यांच्या दुसऱ्याच यादीत जाता. पण सुट्टीत व्याज झोपत नाही. ८२ वर तीन महिन्यांचं व्याज अडीचच्या आसपास, म्हणजे एका हप्त्याहून जरा जास्तच वाढतं. ही किंमत परवडत असेल तर घ्या, क्रेडिट कार्डावर इंजिन बांधण्यापेक्षा स्वस्त आहे. दुरुस्तीचा खर्च याच कर्जात वाढवून देतो म्हणाले तर सावध, घसरत्या किमतीच्या गाडीवर आणखी बोजा चढतो.

अवांतर: डीलरला दोन ओळींचा मेल करून सोडू नका. तपासणीत जर निघालं की मळी काही वर्षांची आहे तर बिघाडाचं मूळ विक्रीच्या आधीचं आहे असा मुद्दा तरी मांडता येतो. त्यासाठी तटस्थ मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट, फोटो, आणि जुने पार्ट फेकायचे नाहीत. मिळेलच असं नाही.

कोरी_पाटी
अपडेट. गाडी दुसऱ्या गॅरेजला हलवली (पहिला म्हणाला तपासणी वगैरे मी करत नाही, इंजिन टाकायचं तर बोला). इंजिन हाताने फिरलं! फिल्टर कापला, सोनेरी चमकी, चुंबकाला जवळपास काही चिकटलं नाही. चेंबर काढलं, स्ट्रेनर अर्ध्याहून जास्त काळ्या डांबरासारख्या थराने बंद. तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग कागदासारखं पातळ होऊन फिरलंय, क्रँकवर त्या जागी नखाला लागतील एवढे चरे. बाकीची तीन झिजलीत पण जागेवर आहेत. सिलिंडरच्या भिंती चांगल्या आहेत म्हणाला.

आता तो म्हणतो दोन रस्ते. क्रँक लेथवर ग्राइंड करून बेअरिंग बसवायची, याचा आकडा पहिल्या गॅरेजच्या साधारण ४० टक्के. किंवा भंगारातल्या गाडीचं चालू इंजिन, ते ५५ ते ६० टक्के. मांजरताईंचा हिशेब मांडला, दोन्ही रस्ते चालू-बंदच्या फरकाच्या आत बसतात. म्हणजे दुरुस्ती नक्की. कुठली?

तेलकट_हात
वा, हे झालं खरं निदान.

वापरलेलं इंजिन घ्यायचं तर नुसतं सीसी जुळून चालत नाही, इंजिन कोड तोच हवा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर, आकडे लिहून, एकमेकांत १० टक्क्यांच्या आत. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवा, काळी मळी लागली तर तोच रोग विकत घेताय. आणि वॉरंटी मजुरीसकट आहे का विचारा, नाहीतर इंजिन बदलून देतात आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी परत तुम्हीच भरता.

पण तुमच्या केसमध्ये मी ग्राइंडिंगकडे झुकेन, भिंती चांगल्या आहेत आणि एकच जर्नल (क्रँकवर बेअरिंग बसतं ती जागा) खराब आहे म्हणून. अटी आहेत. लेथवाल्याने आधी क्रँकला तडा आहे का तपासायचं, वाकलाय का मोजायचं. काही कंपन्या पृष्ठभाग कडक केलेला क्रँक ग्राइंड करायला मनाई करतात, मॅन्युअलमध्ये बघा, तसं असेल तर दुसरा क्रँक. परवानगी असेल तर पहिली साइज पाव मिलिमीटर खाली, आणि त्या साइजची बेअरिंग मिळतायत हे ग्राइंडिंगच्या आधी पक्कं करा, नंतर नाही! तिसरा कनेक्टिंग रॉडही मोजायचा, बेअरिंग आत फिरलं की रॉडचं भोक गोल राहत नाही. मेन बेअरिंग, ऑइल पंप नवीन. ऑइल कूलर नवीनच टाका, त्यात अडकलेली चमकी कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही आणि महिन्याभरात नव्या बेअरिंगला खाते. टर्बोची ऑइल पाइप आणि शाफ्टचा खेळ (ढिलेपणा) बघून घ्या, तोही त्याच तेलावर जगत होता. इथे पैसे वाचवायला गेलात तर हाच धागा परत वर येईल.

चौथा_गिअर
इंजिन खाली आहे तोवर क्लच, मागचं क्रँक सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप. पार्टचेच पैसे लागतील, मजुरी तशीही देताय.

आगाऊ_कार्टं
मी पहिल्या दिवशी जे बोललो त्याबद्दल सॉरी. वाचनखूण साठवली, माझाही दिवा लुकलुकतो.

तेलकट_हात
@आगाऊ_कार्टं चालवू नकोस. साधा मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनावर प्रेशर मोज, अर्ध्या तासाचं काम आहे.

कोरी_पाटी
पाच आठवड्यांनी येतेय. मधे १५वा हप्ता कापला गेला तेव्हा गाडी गॅरेजमध्ये आणि क्रँक लेथवर होता. सुट्टी घेतली नाही, दुरुस्तीचे पैसे अर्धे साठवलेले होते, अर्धे माझ्या भावाने बिनव्याजी दिले. क्रँकला तडा नव्हता, पाव मिलिमीटरमध्ये चरे निघाले. रॉड मात्र एक बदलावा लागला. ऑइल कूलर, पंप, क्लच सगळं केलं, शेवटचा आकडा ४० टक्क्यांवरून वाढून ४७ टक्के झाला. डीलरला रिपोर्ट आणि स्ट्रेनरचा फोटो पाठवला, दोन आठवडे गप्प, मग स्ट्रेनर आणि पंपाचे पैसे देतो म्हणाला, 'सदिच्छा म्हणून'. घेतले.

गाडी सुरू आहे. एक शंका, गॅरेजवाला म्हणतो पहिलं ऑइल १० हजारला बदला. बरोबर आहे का?

तेलकट_हात
अजिबात नाही. पहिलं हजार किमीच्या आत, फिल्टरसकट, आणि तो फिल्टर कापून बघा. थोडी बारीक राखाडी भुकटी चालेल. सोनेरी काही दिसलं तर तिथेच थांबा आणि इथे फोटो टाका.

कोरी_पाटी
७८० झालेत. शनिवारी कापते.