अथेन्स ते व्हेनिस, १० रात्री: लक्झरी क्रूझ ठरवताना काय बघावं?

चांदणवेल
सप्टेंबरअखेर अथेन्सहून (पिरेयस बंदर) निघून सँटोरिनी, कॉर्फू, कोटोर, दुब्रोव्हनिक करत व्हेनिसला संपणारी १० रात्रींची क्रूझ ठरवायची आहे. चौघं जण. दोघं पन्नाशीचे, दोघं सत्तरी ओलांडलेले. ज्येष्ठांपैकी एकांना गुडघ्यांचा त्रास आहे, दुसरे कांदा-लसूण आणि कंदमुळं खात नाहीत. वाइन घेणारा चौघांत एकच. एजंट चार-पाच कंपन्यांची नावं सांगतो आणि सगळ्यांत 'सगळं सामावलेलं आहे' म्हणतो, पण दरांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. तो नेमका कशाचा? बाल्कनी घ्यावी का? व्हिसा ग्रीसचा की इटलीचा? आणि जैन जेवण खरोखर मिळतं का?

गलबतवाला
'सगळं सामावलेलं' हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते, म्हणून सगळी कोटेशनं एका कागदावर आणा. मूळ भाडं, टिप्स, पेयं, वायफाय आणि बंदरावरच्या सहली असे पाच रकाने करा. रीजंट या क्रूझ कंपनीच्या भाड्यात बहुतेक सहलीसुद्धा येतात. सिल्व्हरसी, सीबोर्न आणि एक्स्प्लोरा या कंपन्यांत टिप्स आणि पेयं धरलेली असतात, पण सहलींचं प्रत्येकीचं गणित वेगळं, ते लेखी घ्या. व्हायकिंगमध्ये दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत बिअर-वाइन, वायफाय आणि प्रत्येक बंदरावर एक सहल मिळते, टिप्स मात्र सहसा वेगळ्या. मोठ्या जहाजांवर टिप्सच माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर होतात. १८ धरले तर चौघांचे १० दिवसांचे ७२० डॉलर. स्वस्त दिसणारं कोटेशन इथेच महागतं.

तुमच्याकडे वाइन घेणारा एकच आहे. म्हणजे उंची मद्य दिवसभर मोफत असलेल्या जहाजावर तिघांचे पैसे वाया जातात. माझं स्पष्ट मत, या चौघांसाठी व्हायकिंगसारखं जहाज जास्त बरं: सुमारे ९३० प्रवासी, सगळ्या खोल्यांना बाल्कनी, कॅसिनो नाही, १८ वर्षांखालची मुलं नाहीत. सिल्व्हरसीसारखा प्रत्येक स्वीटला बटलर हवा असेल तर गोष्ट निराळी, पण तो बटलर आपण वापरणार का हे आधी घरात विचारा.

दुसरं, 'व्हेनिस' या शब्दावर जाऊ नका. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून, ज्युडेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. २५,००० टनांपेक्षा जास्त, १८० मीटरपेक्षा लांब किंवा पाण्यावर ३५ मीटरपेक्षा उंच, यातलं एक जरी लागू झालं तरी जहाज तिथे येत नाही. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत कंसात खरं बंदर कोणतं लिहिलंय ते वाचा: फुसिना, मार्गेरा, किओज्जा, रेव्हेना की ट्रिएस्ते. रेव्हेना किंवा ट्रिएस्ते असेल तर व्हेनिस बसने दोन-अडीच तास लांब आहे. उतरायच्या दिवशी दुपारचं विमान घेतलंत तर व्हेनिस खिडकीतूनसुद्धा दिसणार नाही. क्रूझनंतर व्हेनिसमध्ये दोन रात्री हॉटेल धरा.

नांगर
व्हिसाची आणि पैशांची तारीखवारी एकत्र मांडा, बहुतेकांचं इथेच चुकतं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपर्यंतच करता येतो, त्याआधी नाही. लक्झरी कंपन्या उरलेली पूर्ण रक्कम निघण्याच्या ९० ते १५० दिवस आधी मागतात आणि त्यानंतर रद्द केलं तर कपात वाढत वाढत पूर्ण भाड्यापर्यंत जाते. म्हणजे हातात खिडकी आहे ती १८० व्या दिवसापासून शेवटच्या हप्त्यापर्यंतची. उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून १८० वा दिवस कॅलेंडरवर आजच लाल करून ठेवा. एजंट 'व्हिसा नंतर बघू, आधी पूर्ण पैसे भरा, सवलत संपतेय' म्हणाला तर थांबा.

अर्ज कुठे करायचा? ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे. दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश, त्याच्याकडे. अथेन्समधली आधीची हॉटेलची रात्र आणि ग्रीक बंदरं धरली तर तुमचा अर्ज बहुधा ग्रीसकडे जाईल, पण व्हेनिसमध्ये रात्री वाढवल्यात तर पारडं फिरू शकतं. अर्जाच्या पत्रासोबत दिवसवार तक्ता जोडा: तारीख, बंदर, देश, जहाज आत किती वाजता, बाहेर किती वाजता. क्रूझचं नुसतं बुकिंगचं पान बघून अधिकाऱ्याला दिवस मोजता येत नाहीत.

अर्जात 'मल्टिपल एंट्री' मागायलाच हवी. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण माँटेनेग्रो नाही. म्हणजे कोटोरला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि दुब्रोव्हनिकला परत आत आलात. एका प्रवेशाच्या व्हिसावर कंपनी पिरेयसला जहाजावर चढूच देणार नाही, आणि तो पैसा परत मिळत नाही. माँटेनेग्रोसाठी कोणती कागदपत्रं लागतील हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्यावर राहू नका.

विम्याची शेंगेनसाठी किमान मर्यादा ३०,००० युरो. सत्तरीपुढच्यांसाठी ती अपुरी समजा. पॉलिसीत जहाजावरचे उपचार, जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवणं आणि आधीपासून असलेले आजार हे तीन शब्द शोधा. जहाजावरच्या दवाखान्यात पैसे आधी भरावे लागतात, नंतर दावा. बिलं आणि डॉक्टरांचा अहवाल उतरण्यापूर्वी मागून घ्या.

पॅकेज भारतातल्या एजंटमार्फत घेतलंत तर टीसीएस (विक्रेत्याने आधीच वसूल केलेला प्राप्तिकर) कापला जाईल. तो खर्च नव्हे, कराच्या हिशेबात वळता होतो. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या नोंदीत, दिसतो का ते बघा. चौघांचं बिल एकाच पॅनवर जाऊ देऊ नका.

मुदपाकखाना
जैन जेवण मिळतं, पण मागण्याची पद्धत आहे. फॉर्मवर नुसतं 'जैन' किंवा 'व्हेज' लिहिलं तर काम होत नाही. किमान ६० दिवस आधी कंपनीच्या आहारविभागाला यादी पाठवा: कांदा, लसूण, लीक, शॅलट, चाइव्ह, बटाटा, गाजर, बीट, मशरूम, अंडं, जिलेटिन नको. लीक, शॅलट आणि चाइव्ह वेगळे लिहायचे, कारण ते कांद्याचेच भाऊबंद असले तरी युरोपियन आचारी त्यांना कांदा मानत नाही. भाजीचा तयार स्टॉक नको हेही लिहा. त्याच्या पावडरीत बहुधा कांदा-लसूण असतो आणि सूपपासून रिसोत्तोपर्यंत तो सगळीकडे पडतो. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. ते चालत नसेल तर 'शाकाहारी चीज' म्हणून सांगा.

६० दिवस का? कारण जहाजाचा शिधा निघण्याच्या बंदरावर चढतो. चढल्यावर मूगडाळ मागितली आणि कोठारात नसली, तर सँटोरिनीला ती मिळणार नाही.

चढल्या दिवशी, पहिल्या जेवणाच्या आधी, मुख्य जेवणघराच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटा आणि यादीचा छापील कागद द्या. मग रोज रात्री जेवण आटोपलं की उद्याचं मेन्यूकार्ड मागायचं आणि त्यावर बोट ठेवून ठरवायचं: 'हा पदार्थ कांद्याशिवाय होईल का? नाहीतर वरणभात आणि फरसबीची भाजी.' आदल्या रात्री सांगितलेलं ताजं, वेगळ्या भांड्यात होतं. ऐनवेळी मागितलं की उकडलेल्या भाज्यांची ताटली समोर येते. जहाजांच्या मुदपाकखान्यांत गोव्याचे आणि इतर भारतीय आचारी बरेच असतात, प्रमुखाला तसं विचारायला संकोच करू नका. रोज एकाच जेवणघरात बसा. बुफे आणि खास रेस्टॉरंटांत हा निरोप पोचायला वेळ लागतो.

घरून काय न्यावं? कारखान्यात पॅक झालेलं, सीलबंद: भाकरवडी, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, थेपले. पेढे, बर्फी, तूप, पनीर नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून प्रवासी सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, विमानतळावरच काढून घेतात. घरी केलेलं उघड्या डब्यातलं अन्न जहाजाच्या सुरक्षा-तपासणीत अडकतं. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, इस्त्रीसुद्धा तिथेच जप्त होतात, खोलीत आग लागण्याची भीती म्हणून. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्डही नको.

दीपस्तंभ
गलबतवाला यांनी बाल्कनी गृहीतच धरलीय. बाल्कनीपेक्षा खोली कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. जहाज पाळण्यासारखं मध्याभोवती डोलतं. टोकाकडे आणि वरच्या मजल्यांवर तेच डोलणं मोठं होतं. म्हणून सत्तरीच्या दोघांसाठी मधोमध, खालच्या मजल्यावरची खोली, भले बाल्कनी लहान का असेना. स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या पोटातून दोन्ही बाजूंना निघणारे पंख, ते डावी-उजवी डोल कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होतं ते त्यांना थांबवता येत नाही. आणि लक्झरी जहाजं आकाराने लहान, म्हणजे लाटेचं ऐकणारी. हा त्या ऐषारामाचा दुसरा पैलू ब्रोशरमध्ये नसतो.

खोली निवडताना जहाजाचा नकाशा घ्या आणि वरच्या-खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री संगीत. दोन खोल्यांना जोडणारं दार असेल तर शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. तुमच्या दोन्ही खोल्या तशा जोडून घेतल्या तर मात्र तेच दार उपयोगाचं. 'गॅरंटी' दरात खोली कंपनी निवडते, तो तुमच्यासाठी नाही.

एजियन समुद्रात मेल्टेमी वारा जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांत जोरात असतो, सप्टेंबरअखेर ओसरतो. वेळ चांगली निवडलीय. तरी बोट लागण्यावरची गोळी जवळ असू द्या. अ‍ॅव्होमिन २५ मिलिग्रॅम ही लाटा सुरू होण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. तिने झोप येते, तोल जाऊ शकतो, प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर तो वाढू शकतो. म्हणून सत्तरीपुढच्यांनी डॉक्टरांना विचारून एक गोळी आधी घरीच घेऊन बघावी. आलेपाकाच्या वड्या मात्र सगळ्यांनी खिशात ठेवाव्यात. हात साबणानेच धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसं काम करत नाही.

गलबतवाला
दीपस्तंभ, मान्य. ज्येष्ठांची खोली मधोमध हे बाल्कनीच्याही आधी यायला हवं होतं.

चांदणवेल
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. गुडघ्यांचं काय? सँटोरिनीला खूप पायऱ्या आहेत असं ऐकलं. आणि जहाजावर पैसे, फोन यांचं कसं?

नांगर
खोलीच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलं तर जहाज त्यावर रक्कम अडवून ठेवतं आणि उतरल्यावरही ती सुटायला काही दिवस लागतात, व्हेनिसच्या हॉटेलात तीच लागते. कार्डावर परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी चालू करा. जहाजाने बंदर सोडलं की फोन एअरप्लेन मोडवर. भर समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडलं जातं, ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाही आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. परत चढायची वेळ सहसा सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. स्वतः ठरवलेल्या सहलीवरून उशीर झाला तर जहाज थांबत नाही, कंपनीच्या सहलीसाठी थांबतं.

दीपस्तंभ
सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या विवरात उभं राहतं आणि छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. टेंडरमध्ये चढताना एक पाऊल हलत्या बोटीत टाकावं लागतं. खलाशी दोन्ही बाजूंनी मनगट धरतात, त्यांना धरू द्या, आपण कठडा पकडायला जाऊ नका. जुन्या बंदरापासून वरच्या फिरा गावापर्यंत सुमारे ५८८ पायऱ्या, किंवा केबलकार. गाढवावरून जाऊ नये, त्या जनावरांचे हाल होतात. केबलकारची खरी अडचण परतीची रांग. तीन-चार जहाजं एका दिवशी असली की दुपारी तासाहून जास्त उभं राहावं लागतं. गुडघ्यांसाठी उपाय असा: कंपनीची बससहल घ्या. बहुधा ती अथिनिओस बंदरावर उतरवून बसने वर नेते, म्हणजे चढण वाचते. परतताना केबलकारची गर्दी सुरू होण्याआधी निघा. सँटोरिनी आणि मिकोनोसला जुलै २०२५ पासून ग्रीसचा प्रवासीकर आहे, जून ते सप्टेंबर माणशी २० युरो. तो खोलीच्या बिलात येतो का विचारा.

दुब्रोव्हनिकला तटबंदीची फेरी जवळजवळ दोन किलोमीटर, सावली नाही, मध्ये उतरायच्या जागा मोजक्या. ती ज्येष्ठांनी सोडावी, स्त्राडुन रस्ता सपाट आहे. कोटोरच्या किल्ल्याच्या सुमारे १,३५० पायऱ्याही सोडाव्यात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण कोटोरची खरी गोष्ट जहाजातूनच दिसते. आखाताच्या तोंडापासून शहरापर्यंत जहाज तासाहून जास्त वेळ डोंगरांमधून हळूहळू आत सरकतं. व्हेरिगे इथे पाणी जेमतेम ३४० मीटर रुंद उरतं, दोन्ही काठांवरची घरांची दारं-खिडक्या दिसतात. त्यानंतर पेरास्टसमोरची दोन बेटं येतात, एकावर निळ्या घुमटाचं चर्च. जहाज कधी आत शिरणार हे आदल्या रात्री रिसेप्शनला विचारा, बहुतेकदा सूर्योदयाच्या सुमारास असतं. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, म्हणून स्वेटर-शाल घेऊन सगळ्यांनी वरच्या डेकच्या पुढच्या टोकाला जा. ज्येष्ठांसाठी दोन खुर्च्या आणि कॉफी आधी सांगून ठेवली तर तिथे आणून देतात.